परमिटवरचे छापील वीस मीटर

रेडिओग्राफी म्हणजे किरणोत्सारी सोर्सने पाइपच्या वेल्डिंगचे फोटो काढणं. तिच्या परमिटमध्ये ‘कॉर्डन अंतर’ (सोर्सपासून किती लांब दोरी बांधून माणसं अडवायची) असा एक रकाना असतो. तो कोरा असायला हवा. या कारखान्याच्या फॉर्ममध्ये तिथे आधीच ‘२० मी.’ छापलेलं होतं. त्या छापील आकड्यापायी दोन रात्री फुकट गेल्या. कॅमेरा (सोर्स ठेवायची जाड कवचाची पेटी) कुलपाच्या पिटात, पोरं टपरीवर आणि मी परमिट काउंटरच्या खिडकीशी.

काम रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातलं, शटडाऊनचं. पाइप रॅकवर साडेसहा मीटर उंचीवर चौदा इंची लाइन, भिंत साडेनऊ मिमी, दहा वेल्ड जॉइंट, प्रत्येकी तीन शॉट, म्हणजे फोटो. सोर्स इरिडियम-१९२, त्या दिवशी २० क्युरी (किरणोत्साराचं माप), शॉट साधारण दोन मिनिटांचा. ई-लोरावरच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पोर्टलवरच्या) नोंदी, गाडीवरची पिवळी लेबलं, पिटाचं कुलूप, माणसांची प्रमाणपत्रं हे सगळं बिनबोभाट पार पडलं. अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजचं मात्र सांगून ठेवतो: तो छातीवरच लावा. कॅमेऱ्याच्या हँडलला अडकवून जेवायला गेलेला बॅज तीन महिन्यांनी जो आकडा दाखवतो, त्याचा खुलासा लिहिताना नाकी नऊ येतात. आणि बॅज उशिरा बोलतो, म्हणून लगेच आकडा दाखवणारा पॉकेट डोझीमीटर सोबत हवाच.

आता ते वीस मीटर. काउंटरवरचे साहेब म्हणाले, “मागच्या एजन्सीने वीसमध्येच केलं.” केलं असेल. त्यांचा सोर्स किती क्युरीचा होता, शॉट किती, कॉलिमेटर (किरण एकाच दिशेला सोडणारं जड धातूचं टोपण) होता का, हे फॉर्मला माहीत नसतं. हिशोब पाच ओळींचा आहे, म्हणून पूर्णच देतो.

इरिडियम-१९२ च्या एका क्युरीमुळे एक मीटरवर ताशी साधारण अर्धा रॉन्टजेन मिळतो. २० क्युरीचे दहा, म्हणजे ढोबळमानाने ताशी १०० मिलिसिव्हर्ट. बाहेरच्या माणसाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. ती ५० आठवड्यांत वाटली की आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट. आपली, म्हणजे बॅजवाल्यांची, सरासरी वर्षाला २०, म्हणजे आठवड्याला ४०० मायक्रो. दोरीबाहेर बॅज नसलेला माणूस उभा राहणार, तेव्हा आकडा २० चाच धरायचा. तीस शॉट, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे आठवड्यात सोर्स एक तास बाहेर. एक मीटरवर १०० मिलि, म्हणजे १,००,००० मायक्रो. भागिले २० बरोबर ५,०००. वर्गमूळ ७१. उघड्या सोर्सला ७१ मीटर.

टंगस्टनच्या कॉलिमेटरने बाजूंना सोळाव्या हिश्शावर आणलं की त्या दिशांना जेमतेम १८ मीटर उरतात. इथे बहुतेकांचा हिशोब थांबतो, आणि छापील वीसचा जन्म बहुधा इथलाच असावा. पण सोर्स कॅमेऱ्यातून कॉलिमेटरपर्यंत गाइड ट्यूबमधून जातो तेव्हा तो पूर्ण उघडा असतो. जायला पाच सेकंद, यायला पाच. तीस शॉटचे ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. एक मीटरवर ८.३ मिलिसिव्हर्ट नुसते प्रवासाचे. तेवढ्यालाच २० मीटर लागतात! प्रवासाचे ८.३ आणि कॉलिमेटरमधून झिरपणारे ६.२५ मिळून १४.६. भागिले २० मायक्रो, वर्गमूळ २७. कॉलिमेटरच्या तोंडासमोर प्रवास धरून ७४. पाइपच्या दोन भिंती मिळून १९ मिमी पोलाद किरणांना अडीचेक पटीने कमी करतं, पण ते मी जमेस धरलं नाही.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. सोर्स रोज साधारण एक टक्का उतरतो, ७४ दिवसांत निम्मा होतो. म्हणून कॉर्डन कमी होईल असं वाटतं. फारसा होत नाही, कारण तेवढीच काळी फिल्म मिळवायला शॉट दोनाऐवजी चार मिनिटांचा करावा लागतो. शॉटपुरती क्युरी गुणिले मिनिटं तेवढीच राहतात, फक्त प्रवासाचा वाटा घटतो. ‘सोर्स आता म्हातारा झालाय’ हे कारण दोरी आत घ्यायला चालत नाही.

२७ लिहायला गेलो तर उत्तर आलं, “वीसच्या वर गेलात तर शेजारच्या युनिटची सही लागेल.” अहो, तेच तर म्हणतोय! २७ मीटरच्या वर्तुळात शेजारच्या युनिटची ऑपरेटर केबिन येत होती. सही त्यांचीच हवी होती. पण काउंटरचं म्हणणं असं, की आकडा कमी लिहिला तर सही वाचते. आकडा कमी लिहून केबिन लांब सरकत नाही, हे सांगायला मला पहिली रात्र लागली. शेजारच्या शिफ्ट इन्चार्जकडे पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि माणूस बदलला होता. नव्याला विषय पहिल्यापासून सांगावा लागला. त्याने विचारलं, “जुन्याने का नाही केली?” आणि सकाळी बघू म्हणाला. म्हणून सह्या सायंकाळी सातच्या आत घ्या, आणि रात्री ज्याची ड्यूटी आहे त्याचीच घ्या.

दुसरी रात्र मी स्वतः वाया घालवली, हेही कबूल करायला हवं. नकाशा काढून बसलो तेव्हा दिसलं की २७ वर माझाच प्लॅन बसत नव्हता. शॉट घड्याळाच्या सहा, दहा आणि दोन या जागी सोर्स ठेवून घ्यायचे ठरले होते, कारण फळीवर उभं राहून खालून बांधणं सोपं. पण सोर्स दहाच्या जागी ठेवला की किरण समोर, चारच्या दिशेने, खाली तिरके जातात. शंकू ६० अंशांचा, म्हणजे त्याची वरची कड थेट आडवी. साडेसहा मीटर उंचीवरून बघितलं तर चाळीस-पन्नास मीटरवरचा जमिनीवरचा माणूस बरोब्बर त्या शंकूत येतो. कंपाउंडची भिंत विटांची, तिच्यापलीकडे रस्ता, रस्त्यावर आमचीच चहाची टपरी. तिथे ७४ मीटरचा नियम लागू होतो, २७ चा नाही.

सोर्सच्या जागा उलट्या केल्या: बारा, चार, आठ. बाराच्या शॉटचे किरण सरळ खाली, रॅकच्या पायाशी जमिनीत. चार आणि आठचे दोन्ही बाजूंना वर तिरके, खालची कड आडवी. जमिनीवरचे सगळे शंकूबाहेर. जमिनीवर २७ मीटर पुरले. बांधायला त्रास जास्त, दोन फळ्या वाढवाव्या लागल्या, मचाणवाला कुरकुरला. पण आता २७ ते ७४ मीटरच्या दरम्यान धोका फक्त रॅकच्या उंचीच्या वर. आणि वर जायला शिड्याच. चार कॉलम (उंच उभी प्रोसेस पात्रं), चार शिड्या, चार कुलपं. रस्त्यावर माणसं अडवण्यापेक्षा शिडीला कुलूप लावणं केव्हाही सोपं. ग्रेटिंगला, म्हणजे लोखंडी जाळीच्या फरशीला, आडोसा समजू नका, त्यातून सगळं जातं. काँक्रीटचा सहा इंची स्लॅब असेल तर साधारण दहावा हिस्सा उरतो.

किरण वर वळवले की एक नवी पंचाईत उभी राहते. चालू युनिटच्या कॉलमवर किरणोत्सारी लेव्हल गेज (आतल्या मालाची पातळी मोजणारे) बसवलेले असतात. त्यांच्या डिटेक्टरला आपला सोर्स आणि त्यांचा सोर्स यातला फरक कळत नाही. जास्त किरण आले म्हणजे मध्ये माल नाही, अशी त्याची समजूत. तो पातळी कमी दाखवतो आणि लो-लेव्हलवर पंप ट्रिप होतो. भट्टीजवळचे यूव्ही फ्लेम डिटेक्टरही गॅमाने फसतात, आग नसताना अलार्म देतात. म्हणून कंट्रोल रूमची सही ही औपचारिकता नाही. त्यांच्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला गेजचे टॅग नंबर विचारा, कोणते लूप (आपोआप चालणारी नियंत्रणं) मॅन्युअलवर टाकणार ते लिहून घ्या, आणि पहिल्या शॉटच्या वेळी फोनवर रहा. बायपास करणं त्यांचं काम, आपण हात लावायचा नाही.

गाडी सुटली ती शेवटी एका झेरॉक्सवर. प्लॉट प्लॅनची मोठी झेरॉक्स काढली, कंपासने २७ चं पूर्ण वर्तुळ आणि ७४ च्या दोन पाकळ्या काढल्या, कुठे गार्ड आणि कुठे कुलूप ते लाल पेनाने. मागे वरचा पाच ओळींचा हिशोब, आरएसओची (किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची) सही. सेफ्टीच्या साहेबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि छापील ‘२० मी.’ वर रेघ न मारता शेजारी लिहिलं: ‘सोबतच्या नकाशाप्रमाणे’. काउंटरला चाललं! फॉर्म बदलायला त्यांना म्हणे मुंबईच्या ऑफिसची मंजुरी लागते. जोडपत्र लावायला लागत नाही. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. तुम्हाला सांगतोय: आकड्यावर भांडू नका, नकाशा जोडा.

गार्ड किती, तर दर दहा मीटरला एक असं काही नसतं. वाट जिथे दोरीला मिळते तिथे एक. आम्हाला सहा लागले. प्रत्येकाला पाठ फिरवून उभं रहायला सांगा. कॅमेऱ्याकडे बघत बसणारा गार्ड मागून येणाऱ्या सायकलवाल्या वॉचमनला पाहत नाही. वॉकीटॉकीवर ‘क्लिअर’ एवढं पुरत नाही, प्रत्येकाने आपला नंबर सांगून क्लिअर म्हणायचं आणि सहाही आल्याशिवाय क्रँकला (सोर्स बाहेर-आत करणाऱ्या हँडलला) हात लावायचा नाही. पाचच आले तर पुन्हा पहिल्यापासून. दोरी, लाल दिवे, चिन्हाच्या पाट्या मराठी-हिंदीत लावा, शटडाऊनला माणसं कुठून कुठून आलेली असतात.

दोरी बांधण्याआधी आत कोण राहिलंय ते बघायचं असतं, आणि हे काम दुसऱ्यावर सोडू नका. रॅकच्या पायाशी गोणपाट अंथरून झोपलेले इन्सुलेशनवाले, कॉलमच्या स्कर्टच्या (खालच्या पोकळ पायाच्या) आत सावलीला शिरलेला हेल्पर, जनरेटरवाला. जवळच्या व्हेसलची एंट्री परमिटं उघडी आहेत का, ते रजिस्टरमध्ये पहा. आतला माणूस बाहेरून दिसत नाही.

पहिला शॉट हा चाचणीचा. मीटर घेऊन दोरीभर फिरा. २७ मीटरवर, सोर्स कॉलिमेटरमध्ये असताना, ताशी ९ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, मीटरवर एक एमआरपेक्षा (मिलिरॉन्टजेनपेक्षा) थोडं कमी दिसायला हवं. प्रवासाच्या पाच सेकंदांत काटा पंधरा पटीने उडतो, ते बरोबर आहे. तो खाली आला नाही तर सोर्स कॉलिमेटरमध्ये नीट बसलेला नाही. मीटर निघण्याआधी कॅमेऱ्याच्या अंगाला लावून काटा हलतो का पहा. काही जुने जीएम (गायगर-म्युलर) मीटर फार जोरदार किरणात भरून जाऊन शून्य दाखवतात, आणि शून्य बघून माणूस पुढे चालत जातो.

सोर्स परत आल्यावरचं पाहणं तर सगळ्यात महत्त्वाचं. क्रँकचे फेरे मोजून समाधान मानू नका. मीटर हातात, कॅमेऱ्याच्या मागून पुढे, मग गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत. आधीचा आकडा आणि आत्ताचा आकडा सारखा असला तरच कुलूप. गाइड ट्यूब अर्ध्या मीटरपेक्षा तंग वळवू नका, आणि तिच्यावर मचाणाचा पाइप पडून चेपली तर ती फेकायची. सोर्स अडकतो तो बहुतेक अशाच ठिकाणी. पिगटेल (सोर्सची तारेची शेपटी) ड्राइव्ह केबलला जोडली की ओढून पहा, नुसतं ‘क्लिक’ ऐकून सोडू नका. अडकलाच तर दोरी ७४ च्या बाहेर सगळीकडून न्या, आरएसओला कळवा, लांब चिमटे आणि शिसं येईपर्यंत कोणी आत नाही. १९९९ मध्ये पेरूतल्या यानांगो जलविद्युत केंद्रात एका वेल्डरने असा पडलेला सोर्स उचलून खिशात घातला; त्याचा पाय गेला. २० क्युरीचा सोर्स एक सेंटिमीटरवर सेकंदाला पाव सिव्हर्टहून जास्त देतो, त्यामुळे ‘पटकन उचलून’ हा शब्दच वापरायचा नाही.

तिसऱ्या रात्री अकराला सुरू केलं, सव्वातीनला तीसही शॉट झाले, एकही रीशॉट नाही. मीटर फिरवला, कुलूप लावलं, मग दोरी सोडली, गेजवाल्यांना फोन केला, शिड्यांची कुलपं काढली. परमिट बंद करायला काउंटरवर गेलो तर खिडकी बंद. बंद करायची वेळ चार अशी फॉर्मवर छापलेली, आणि बंद करणारा माणूस सहाला आला.