सिंहासन, तख्त आणि गादी

सिंहासन म्हणजे सिंहाचं आसन हे शाळेतलं पोरगंही सांगेल, पण सिंह काय तिथे बसत नाही, मग आसन त्याचं कसं? संस्कृतवाले समास सोडवतात तो असा, सिंहाचं चिन्ह असलेलं आसन, म्हणजे पायाला नाहीतर हाताला सिंह कोरलेले. बुद्धाच्या आणि तीर्थंकरांच्या जुन्या मूर्ती नीट बघा, बैठकीखाली दोन बाजूंना दोन सिंह बसवलेले बरेचदा दिसतात, ते तेच.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, तर अजून भारी आहे. राजाच्या आसनाला तिथे भद्रासन म्हटलंय, आणि तेच सोन्याचं असेल तर सिंहासन! म्हणजे लाकडी खुर्चीला नुसते सिंह चिकटवून भागत नाही बरं का.

आता मजा बघा. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, सगळे विधी संस्कृत, पुढे फारसी शब्द हटवायला राज्यव्यवहारकोश पण करून घेतला, आणि सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याचं जे बनवलं त्याला शब्द कुठला, तर तख्त! चक्क फारसी. कारण तो शब्द लोकांच्या तोंडात इतका बसला होता की परका वाटतच नसणार, असं मला वाटतं. मुळात तख्त म्हणजे लाकडी फळ्यांची बैठक, तक्ता पण त्याच घरातला, आणि जुन्या वाड्यांच्या छताला फळ्या मारतात ती तक्तपोशी पण.

गादीचं वेगळंच. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, आणि मठाची पण गादीच, सावकाराची पण. इथे सोनं नाही, सिंह नाही, लोड तक्क्या टेकून बसायची साधी बैठक, पण वारस, दत्तक, भाऊबंदकी हे सगळं हिच्याच नावाने चालतं.

आणि क्रियापदं बघा ना, सिंहासनावर आरूढ होतात, तख्त काबीज करतात नाहीतर उलथवतात, आणि गादी? गादी चालवतात. सिंहासन चालवलं असं कोणी म्हणत नाही आणि म्हटलं तर हसायलाच येईल.

जाता जाता एक, सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचं तख्त फोडलं असं आपल्याकडे मोठ्या थाटात सांगतात. पण शहाजहानचं मयूरासन १७३९ लाच नादिरशाह घेऊन गेला होता, मग १७६० ला भाऊंनी फोडलं काय? तर लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खास या दरबारी दालनाचं चांदीचं छत, सैन्याचे पगार थकलेले म्हणून ते उतरवून वितळवलं आणि नाणी पाडली. म्हणजे खरं बघायला गेलं तर तख्त नाही, तक्तपोशी फोडली!