कर्नलने दुरुस्ती केली, पण कोणाच्या नोंदीवरून?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. यंत्रभागांची ड्रॉइंग त्यावर साठवली जातात. दोन सॉकेटचे हे यंत्र घेतले तेव्हा त्यात एकच प्रोसेसर होता. काम वाढल्यावर दुसरा बसवला आणि त्या रात्री सर्व्हर सुरू करताना कॉन्सोलवर पूर्वी कधी न दिसलेल्या तीन ओळी उमटल्या. ‘एमटीआरआर: युवर सीपीयूज हॅड इनकन्सिस्टंट व्हेरिएबल एमटीआरआर सेटिंग्ज’, त्याखाली ‘प्रॉबेबली युवर बायॉस डज नॉट सेटअप ऑल सीपीयूज’ आणि शेवटी ‘करेक्टेड कॉन्फिगरेशन’. म्हणजे प्रोसेसरांच्या एमटीआरआर नोंदी आपसांत जुळत नव्हत्या, बहुधा बायॉसने (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) सगळ्या प्रोसेसरांची मांडणी केली नव्हती, आणि लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ती दुरुस्त केली होती. कारखान्याच्या मालकांनी विचारले, “दुरुस्त झालं असं तेच सांगतंय, मग तुम्ही अजून का थांबलात?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचे पूर्ण उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

एमटीआरआर म्हणजे मेमरी टाइप रेंज रजिस्टर, प्रोसेसरच्या आतला आकडे ठेवण्याचा छोटा कप्पा. इंटेलने ही रजिस्टरे १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरमध्ये आणली. मेमरीच्या पत्त्यांचा कोणता पट्टा कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) ठेवायचा आणि कोणता ठेवायचा नाही, हे त्यांत लिहिलेले असते. साध्या रॅमसाठी ‘राइट-बॅक’ हा प्रकार योग्य असतो, कारण त्यात प्रोसेसर मजकूर कॅशमध्ये ठेवून वेगाने काम करतो. नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर यांची रजिस्टरे ज्या पत्त्यांवर दिसतात, तो पट्टा मात्र ‘अनकॅशेबल’च, म्हणजे कॅशमध्ये न ठेवला जाणाराच, हवा. कार्डाची स्थिती क्षणोक्षणी बदलते. प्रोसेसरने कॅशमधली जुनी प्रत वाचली, तर आलेले पॅकेट त्याला आलेलेच दिसणार नाही.

ही रजिस्टरे प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची असतात, आणि खरी गोम इथेच आहे. सर्वांची रजिस्टरे तंतोतंत सारखी असली पाहिजेत, अशी इंटेलची अट आहे. नाशिककराला हे सांगताना मला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आठवतो. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, हीच गावभराची भाषा असते. पंचवटीच्या काठावरचा आणि जुन्या नाशिकच्या काठावरचा माणूस एकाच मूर्तीकडे पाहून बोलतो, म्हणूनच एकाचा निरोप दुसऱ्याला जसाच्या तसा कळतो. एकाच पत्त्याला एक प्रोसेसर राइट-बॅक मानत असेल आणि दुसरा अनकॅशेबल, तर पहिल्याने लिहिलेले त्याच्या कॅशमध्येच राहून दुसऱ्याने रॅममधला शिळा मजकूर उचलण्याची शक्यता निर्माण होते.

ही रजिस्टरे भरण्याचे काम बायॉसचे. यंत्र सुरू होताना एक प्रोसेसर आधी जागा होतो, मेमरीची मोजदाद करतो आणि स्वतःची रजिस्टरे भरतो. त्यानंतर बाकीच्यांना जागे करून त्यांतही तेच आकडे लिहिणे अपेक्षित असते. रीसेटनंतर एमटीआरआर बंद असतात आणि त्या अवस्थेत प्रोसेसर सगळीच मेमरी अनकॅशेबल धरतो, त्यामुळे बायॉस एखाद्याला पूर्णपणे विसरला, तर तो चालतो खरा, पण अतिशय संथ चालतो.

आमच्याकडे तितके बिघडलेले नव्हते. संदेशात फक्त ‘व्हेरिएबल’ हा शब्द होता, म्हणजे हव्या त्या पट्ट्यासाठी भरता येणारी रजिस्टरे. पहिल्या १ एमबीसाठीच्या ‘फिक्स्ड’ रजिस्टरांचा किंवा मूळ प्रकार ठरवणाऱ्या ‘डेफटाइप’चा उल्लेख नव्हता, म्हणजे त्या दोन्ही बाबतींत दोन्ही प्रोसेसर सारखेच होते. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमधील एमटीआरआर ही फाइल उघडली, तर तिथे २०४८ एमबीपासून पुढचा २०४८ एमबीचा पट्टा अनकॅशेबल असल्याची नोंद होती. ४ जीबीच्या खालची ही जागा कार्डांसाठी राखलेली असते. हे सारे जुळवून पाहता, दुसऱ्या प्रोसेसरच्या व्हेरिएबल रजिस्टरांत ही नोंद पोहोचली नसावी, असा निष्कर्ष मी काढला.

कर्नलने केलेली दुरुस्ती साधी दिसते, तरी ती फार काळजीपूर्वक केलेली असते. रजिस्टरे बदलणारा प्रोसेसर इंटरप्ट (काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करतो, कॅश रिकामी करतो, टीएलबी (पत्त्यांच्या रूपांतराची कॅश) पुसतो, एमटीआरआर बंद करून नवे आकडे लिहितो आणि मगच सर्व पूर्ववत सुरू करतो. आकडे मात्र पहिल्या प्रोसेसरचे घेतले जातात. पहिल्याचेच आकडे चुकीचे असतील, तर या दुरुस्तीनंतर सगळे प्रोसेसर एकमताने चुकतील आणि संदेशाची शेवटची ओळ तरीही तीच राहील. मी थांबलो होतो तो यासाठी. म्हणून ती फाइल बायॉसने दिलेल्या मेमरीच्या नकाशाशी ओळीओळीने ताडून पाहिली. रॅमचा कोणताही भाग अनकॅशेबल पट्ट्यात अडकलेला नव्हता.

हे ताडून पाहणे मला आवश्यक वाटते, कारण कर्नलचे दुसरे कवच एकाच बाजूने चालते. पेंटियम ३ पासून आलेल्या पॅट या सोयीमुळे पेज टेबलमध्येही (मेमरीच्या पानांचे पत्ते नोंदवणाऱ्या तक्त्यातही) मेमरीचा प्रकार लिहिता येतो, आणि कार्डांची पाने कर्नल तिथे अनकॅशेबल म्हणूनच नोंदवतो, त्यामुळे एमटीआरआरमध्ये ती राइट-बॅक राहिली तरी बचाव होतो. उलट स्थितीत, म्हणजे एमटीआरआरने रॅमलाच अनकॅशेबल ठरवले असेल, तर पेज टेबलमध्ये राइट-बॅक लिहूनही उपयोग होत नाही. ती मेमरी संथच राहते.

त्यानंतर डीएमआयडीकोड या आदेशाने बायॉसची आवृत्ती पाहिली. ती दुसरा प्रोसेसर बसवण्याच्या बऱ्याच आधीची होती. रविवारी कारखाना बंद असताना ड्रॉइंगची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, यूपीएसच्या बॅटऱ्या तपासल्या आणि उत्पादकाने दिलेली नवी आवृत्ती चढवली. सर्व्हर सुरू झाल्यावर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, त्या तीन ओळी नव्हत्या. एमटीआरआरची फाइल आधी जतन केलेल्या प्रतीशी ताडली, तर दोन्हींत एका अक्षराचाही फरक नव्हता. पहिल्या प्रोसेसरचे आकडे मुळातच बरोबर होते. दोन्ही प्रती छापून मी सर्व्हरच्या रॅकमधील नोंदवहीत लावल्या आणि त्याखाली बायॉसची जुनी व नवी आवृत्ती लिहून ठेवली.