दहा मिनिटं पुढं

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांपैकी एकाच दिवसाची रजा मंजूर झाली. उरलेले दोन ‘घरून काम’ या खात्यात टाकून मी पुण्याहून परभणीजवळचं आमचं गाव गाठलं. घर अर्धं स्लॅबचं, अर्धं अजून माळवदाचं. रेंज फक्त माळवदावर. म्हणून लक्ष्म्या यायच्या दिवशी, भर दुपारी, डोक्यावर टॉवेल टाकून मी लॅपटॉपपुढं बसलो होतो आणि ऑफिसचा मेल काही केल्या मला आत घेत नव्हता.

पासवर्ड बरोबर होता. पण व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची वाट, जोडायचं म्हटलं की तो सहा आकडी कोड मागतो. पूर्वी मेसेज यायचा, आता मोबाइलमधल्या अ‍ॅपात बघून टाकायचा. टाकला. ‘कोड चुकीचा आहे.’ दुसरा टाकला. चुकीचा. आकड्यांशेजारचं ते इवलंसं वर्तुळ झिजत झिजत संपतं आणि तीस सेकंदांत नवे आकडे येतात, त्यामुळं पहिले दोनदा वाटलं, घाईत बोट चुकलं. पाचव्यांदा खातंच बंद पडलं. अर्ध्या तासानं प्रयत्न करा.

आयटीकडं तिकीट, म्हणजे तक्रार, टाकायचं तर ते पोर्टल व्हीपीएनच्या आत. विहिरीत पडलेल्यानं दोर आणायला आधी गावात जाऊन यायचं. शेवटी ऑफिसातल्या एका मित्राला फोन केला, त्यानं स्वतःच्या नावावर माझं तिकीट टाकलं. उत्तर त्यालाच आलं : लॅपटॉप बंद करून परत चालू करा. त्यानं बिचाऱ्यानं त्याचा लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तासाभरात तिकीट ‘सोडवलं’ गेलं आणि आमची सेवा कशी वाटली, तारे द्या, असा निरोप आला. त्याचा लॅपटॉप चालतच होता, त्यानं पाच दिले.

मग मी थेट फोन लावला. पलीकडचा पोरगा गोड बोलणारा होता, खोटं कशाला सांगू.

“सर, तुमच्या तिकडे नेटचा इश्यू असेल.”

तुमच्या तिकडे! ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण त्यानं ऐकलेली नसणार, पण सूर तोच. नेट नसतं तर कोड चुकीचा आहे हे मला सांगायला कोण आलं असतं? हे मी बोललो नाही. ज्याच्या हातात आपली किल्ली आहे त्याच्याशी वाद घालू नये, हे गॅस एजन्सीच्या रांगेत उभं राहूनच शिकलोय.

त्यानं पासवर्डही बदलायला लावला. तसाही दर नव्वद दिवसांनी बदलावाच लागतो. माझे पासवर्ड बरीच वर्षं आमच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांवर चालले : ‘परभणी क्रांती’ ही भेंडी, ‘परभणी मोती’ ही ज्वारी, पुढं काहीतरी आकडा. (आता लिहिलंच आहे, तर तेही गेले.) गंमत अशी की पासवर्ड वरचेवर बदलावा, त्यात आकडे-चिन्हं कोंबावीत, हा सल्ला 2003 साली ज्यांनी अमेरिकी सरकारी नियमावलीत लिहिला, त्या बिल बर यांनी 2017 मध्ये स्वतःच सांगितलं, की त्यातलं बरंचसं लिहिल्याचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी नियमावलीही बदलली. आमच्या ऑफिसापर्यंत ते पत्र अजून पोचायचं आहे.

साडेचारच्या सुमाराला अण्णा वर आले. खाली आईची फुलोऱ्याची घाई चाललेली, आणि अनुराधा नक्षत्र असेतोवर लक्ष्म्या घरात आल्या पाहिजेत म्हणून ते पंचांग बगलेत मारूनच फिरत होते.

“काय करायलास रे इतक्या उन्हात?”

“मेल उघडंना अण्णा.”

त्यांनी माझा मोबाइल उचलला, लांब धरला, चष्मा कपाळावर नेला.

“तुझ्यात पावणेपाच कसे झाले? माझ्यात तर चार पस्तीस हाय.” आणि मग, मिशीतल्या मिशीत, “पुढं केलास व्हय?”

केलं होतं. प्रवासाला निघताना घड्याळ दहा मिनिटं पुढं करायचं, ही आमच्या घरची रीत. गाडीतून उतरल्यावर ते मागं घ्यायचं राहून गेलं होतं.

लहानपणी आमच्या भिंतीवरचं घड्याळही पुढंच असायचं. अण्णा आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की खुर्चीवर चढायचे, खुर्ची धरायला मी. खरी वेळ ऐकायची आणि काटा तिच्या पुढं ढकलायचा. किती, ते सांगायचे नाहीत. आम्ही दहा वजा करून निवांत राहतो हे कळल्यावर त्यांनी कधी सात केली, कधी बारा. घरच्यांना आठवडाभरात अंदाज यायचा. पाहुणे मात्र हमखास फसायचे. एक मामा तर जेवणाच्या ताटावरून उठून पळाले आणि स्टेशनवर बाकावर बसून घरच्या पोळ्यांची आठवण काढत राहिले.

मनमाडकडं जायचं म्हणजे थंडीतली पहाट, लोखंडी ट्रंक, तिच्यावर मी, कानाला मफलर. अण्णा एचएमटीला चावी देत फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन रुळांकडं बघून यायचे. गाडी दोन तास लेट. आम्ही दहा मिनिटं लवकर. अण्णांच्या चेहऱ्यावर तरीही जिंकल्यासारखं.

अ‍ॅपातला तो कोड नुसत्या वेळेवर चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. आपला मोबाइल आणि ऑफिसचं सर्व्हर यांच्यात एक गुप्त किल्ली आधीच ठरलेली असते. 1 जानेवारी 1970 ची ग्रीनिचची मध्यरात्र धरून दोघं आपापल्या जागी सेकंद मोजतात, तीस-तीसचे तुकडे पाडतात, आणि तुकडा जुळला तर आकडे जुळतात. एखादा कोड मागंपुढं झाला तर सहसा माफ. मी वीस कोड पुढं होतो. म्हणजे माझे आकडे खोटे नव्हतेच, दहा मिनिटांनी खरे ठरणार होते. ती मध्यरात्र आपल्याकडं पहाटेची साडेपाचची. आजीनं तेव्हा चूल पेटवली असेल.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी पंचांग उघडलं. चोवीस सेकंदांचं पळ, साठ पळांची घटका. म्हणजे तुझा कोड सव्वा पळाचा, म्हणाले. मग मलाही चेव आला. देशाचं घड्याळ 1906 पासून साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, परभणी त्याच्या पश्चिमेला पावणेसहा अंश, अंशाला चार मिनिटं. आमचा सूर्य घड्याळापेक्षा 23 मिनिटं मागं. जवळजवळ एक घटका. कुणाचीच वेळ बरोबर नाही म्हटल्यावर आम्हा दोघांना उगाच बरं वाटलं.

सेटिंगमध्ये जाऊन वेळ ‘आपोआप’ केली. पहिल्याच कोडला दार उघडलं. त्रेचाळीस मेल होते, त्यातला एक आयटीचा : तुमचं तिकीट सोडवल्याबद्दल आनंद वाटतो. खालून आईनं हाक मारली, नक्षत्र आहे तोवर या म्हणावं. गेलो.

मूळ नक्षत्रावर लक्ष्म्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मीही. रिक्षात बसता बसता मोबाइल काढला, वेळ परत दहा मिनिटं पुढं केली. अण्णा बघत होते, बोलले काही नाहीत. आत्ता परभणी स्टेशनवर बसून हे लिहितोय. गाडी लेट आहे. मेल उघडत नाही. तिकीट टाकलेलं नाही.