१ की ९?

दापोलीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात गावचे गुरव आले. "शिमग्याचं जुनं पत्रक परत छापून दे. पालखीचा क्रम त्यातलाच हवा, तोंडी सांगितलेलं कोण ऐकत नाय."

पत्रक माझ्याच दुकानात छापलेलं. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले, कॉम्प्युटर भिजून गेला आणि देवळातल्या पेटीतल्या कागदांचा लगदा झाला.

मग भाचा आठवला. तो पुण्यात गेम बनवणाऱ्यांकडे कामाला आहे. शिकत असताना त्यानं सरावासाठी आमचा सभामंडप कॉम्प्युटरवर उभा केला होता आणि एका खांबाला हे पत्रक चिकटवलं होतं. फोन केला.

"मामा, स्कॅन उरला नाही. टेक्स्चर आहे, म्हणजे खांबावर चिकटवलेलं चित्र. चालेल?"

मी म्हटलं, पाठव, वर्डमध्ये बघतो.

फाइल निघाली डीडीएस, म्हणजे गेमची चित्रं साठवायचा प्रकार. वर्डनं दारातूनच परत पाठवली. मग एका फुकट वेबसाइटवर टाकली, 'डीडीएस ते डॉक' असं लिहिलेलं होतं. दोन मिनिटांत डॉक फाइल हातात. खूश होऊन अक्षरावर क्लिक केलं, तर अख्ख्या पानाला चौकट! चित्र होतं तसंच वर्डच्या पानावर डकवलेलं. असं काम मी केलं तर गिऱ्हाईक झेरॉक्सचेसुद्धा पैसे देणार नाही.

शेवटी गिम्प या फुकटच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पत्रक डोक्यावर उभं, आणि चौरस! भाच्याला विचारलं. काही गेममध्ये चित्र खालून वर मोजतात, म्हणून उलटं. आणि जुन्या ग्राफिक्स कार्डांना ५१२, १०२४ अशीच मापं लागायची, ती सवय राहिली, म्हणून त्यानं ए-फोर पान १०२४ बाय १०२४ मध्ये बसवलेलं. सुलटं केलं, उंची १४४८ केली, तेव्हा बसकी अक्षरं सरळ झाली. पीएनजी करून गूगल ड्राइव्हवर चढवली आणि गूगल डॉक्समध्ये उघडली. आता खरी अक्षरं आली. ती वर्डमध्ये उतरवून वाचायला बसलो.

पहिल्याच ओळीत आंबेवाडीची 'आबेवाडी'. पांगारवाडीची 'पागारवाडी'. सगळे अनुस्वार गायब, आणि रफार तर कुठेच नाही. चूक वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची म्हणावी, तर चित्र मोठं करून बघितलं. टिंबंच नाहीत! राखाडी डाग तेवढे.

भाचा म्हणाला, डीडीएसमध्ये चार बाय चार ठिपक्यांचा एकेक चौकोन असतो. त्यानं वापरलेल्या प्रकारात त्या सोळा ठिपक्यांसाठी दोनच रंग साठवतात, मधले दोन हिशेबानं काढतात. सोळा ठिपक्यांना ४८ बाइट लागायचे तिथे ८ मध्ये भागतं. खांब लांबून दिसतो, खेळणाऱ्याला काय फरक पडतो? खरंच आहे. पण आमच्या मराठीत आंबा आणि आबा यांत एका टिंबाचाच फरक.

वाड्यांची नावं मला पाठ आहेत, अनुस्वार हातानं दिले. अडलो आकड्यावर. 'पालखी सहाणेवर रात्री' (सहाण म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा) आणि पुढे एक आकडा. गूगलनं १ लिहिलाय. मला ९ वाटतो. वरच्या गाठीत पोकळी आहे की तो नुसता डाग, काही कळत नाही. आठशे टक्के मोठं केलं, तर पडद्यावर फरशाच दिसतात.

काल गुरवांना बोलावून दाखवलं. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "नऊ. इचारायचं काय त्यात?"

मागे आधारकार्डाची झेरॉक्स काढायला पांगारवाडीचे एक आजोबा उभे होते. ते न बघताच म्हणाले, "एक."

दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी आकड्याची जागा मोकळी सोडली आणि फाइल सेव्ह केली.