ट्रेनर म्हणजे जिमवाली?

"चार वर्षं फिजिओथेरपी, वर सहा महिने इंटर्नशिप, आणि आता अमेरिकेत जाऊन ट्रेनर होणार? जिममधल्यासारखी?" बाबांचा हा प्रश्न नंतर सगळ्या नातेवाइकांनी आळीपाळीने विचारला. गंमत म्हणजे तिकडेही हाच घोळ आहे. ॲथलेटिक ट्रेनिंग, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती टाळणं आणि सांभाळणं, हा आरोग्यसेवेतला पेशा आहे, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९०मध्येच मान्य केलं. तरी विमानात शेजारच्या बाईंनी मला पोट कमी करायचे व्यायाम विचारलेच.

सर्टिफिकेट मिळतं बीओसीची, म्हणजे तिथल्या सर्टिफिकेट देणाऱ्या मंडळाची, परीक्षा पास झाल्यावर. त्यासाठी आता मास्टर्स लागतं, आणि अभ्यासक्रमाला सीएएटीई या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवी. नुसत्या बीपीटीवर, म्हणजे आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या पदवीवर, भागत नाही. माझं घोडं अडलं ते भलतीकडेच, केमिस्ट्री आणि फिजिक्सवर. बारावीचे मार्क चालेनात, कॉलेजच्या पातळीवरचे विषय हवेत म्हणाले. मग तेविसाव्या वर्षी सांगलीत बसून, रात्री जागून, ऑनलाइन पुन्हा आयन आणि घर्षण. कुणी जाणार असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे तपासा.

ऑगस्टमध्ये ओहायोत पोहोचले आणि पहिलं काम मिळालं पहाटे टब भरायचं. पाणी आणि बर्फ. अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होण्याआधी तो तयार हवाच. सांगलीचं ऊन खाल्लेल्या मला आधी हसू आलं, पण हेल्मेट आणि पॅड घालून पळणाऱ्या एकशेवीस किलोच्या मुलाला ओहायोचं ऊनही पुरतं. शरीराचं तापमान ४०.५ अंशांच्या वर आणि बोलणं असंबद्ध, म्हणजे उष्माघात. मग आधी टबात थंड करायचं, अँब्युलन्समध्ये नंतर घालायचं. तापमान कपाळावर किंवा कानात मोजून भरवसा नसतो, गुदद्वारातूनच घ्यावं लागतं. पुतळ्यावर सराव करतानाही माझे कान लाल झाले होते. खरी वेळ कधी आली नाही, पण टब एकही दिवस चुकला नाही.

टेपिंगचा माज मात्र माझाच होता. बीपीटी झालेय, घोटा काय बांधता येणार नाही? इकडे सरावाआधी पंधरा मुलं रांगेत, एकेकाला फार तर तीन-चार मिनिटं. मला पहिल्याला पंधरा लागली. आमच्या प्रिसेप्टरनी, म्हणजे क्लिनिकल शिकवणाऱ्या मॅडमनी, टाचेवरून बोट फिरवलं. एक सुरकुती. "काढ." त्या सुरकुतीचा सराव संपेपर्यंत फोड होतो. शाळेत वहीला कव्हर घालताना कोपऱ्यात जशी चुणी पडायची तशीच ती, टेप आपल्याला हवा तिकडे ओढला की पडणारी. पायाचा उतार जिकडे नेईल तिकडे टेप जाऊ द्यायचा, हे हाताला कळायला दोन महिने आणि बरेच रोल गेले.

खरा धक्का गुडघ्याने दिला. ओपीडीत पेशंट यायचा तो आठवड्याने, सुजलेला पाय आणि हातात एमआरआयची पिशवी घेऊन. इथे मुलगा माझ्यासमोर, वीस पावलांवर पडला. मॅडमनी लगेच लॅकमन टेस्ट केली, म्हणजे गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, मग मला करायला लावली. सूज चढायची होती, मांडीचे स्नायू अजून आवळले नव्हते. नडगी पुढे आली आणि येतच राहिली, शेवटी नेहमीचा टणक अटकाव लागलाच नाही. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला अस्थिबंध, फाटल्याचं पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, हाताला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलगा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहरा कोरा ठेवायचं कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही: १७५ प्रश्न, चार तास. माझी तयारी पुस्तकांपेक्षा दोन वर्षांच्या सोप नोट्स, म्हणजे पेशंटची तक्रार, तपासणी, निष्कर्ष आणि पुढची योजना लिहिलेल्या नोंदी, पुन्हा वाचून झाली. पास झाले. घरी पेढे वाटले.

पण पास झालं की लगेच काम करता येतं असं नाही, राज्याचं लायसन्स वेगळं. नोकरी ठरली होती, कागद यायचे होते. ते येईपर्यंत मी मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या भरत होते. एका नवीन पोराने घोटा पुढे केला, तर त्याला म्हटलं, "थांब, मॅडमना येऊ दे."