फळी किती रुंद आहे, ते आधी सांगा

आईच्या खोलीतलं लाकडी फ्लोअरिंग मी स्वतः घातलं, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ताई, आम्हालाही घरीच करायचंय. कापायला मायटर सॉ कोणतं घेऊ?" जिन्यात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं. उभ्या उभ्या सांगून ते नीट पोचत नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते.

मायटर सॉ म्हणजे गोल पातं वरून खाली आणून फळी आडवी किंवा तिरकी कापणारं मशीन. कंपनी, किंमत, वॉरंटी हे नंतर. मी आधी विचारते, तुमची फळी किती रुंद आहे?

दहा इंची मशीन म्हणजे दहा इंच कापणारं मशीन, असा माझाही समज होता. दहा इंच हा पात्याचा व्यास. त्यातला मोटरखालून जेवढा भाग बाहेर येतो तेवढाच फळीत उतरतो. साध्या, म्हणजे नुसतं वर-खाली होणाऱ्या दहा इंची मशीनवर आडवा कट मिळतो जेमतेम 130 ते 150 मिलिमीटरचा. लॅमिनेटची, म्हणजे वर लाकडाचं चित्र छापलेला थर असलेली, आमच्यासारखी नेहमीची फळी असते 190-195 मिलिमीटर रुंद. मी फळ्या आधी घेतल्या, मशीन नंतर घेतलं, आणि दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत. पहिल्याच फळीत पातं खाली टेकलं आणि कडेला दीड-दोन इंच न कापलेलं तसंच राहिलं. फळी उलटी करून उरलेलं कापलं, तर मध्ये नखात अडकेल एवढी पायरी आली आणि वरच्या छापील थराचे टवके उडाले. त्या दिवशी तीन फळ्या वाया गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या सुतारकाकांकडून त्यांचं स्लाइडिंगचं मशीन आणलं. त्याचं पातं साडेआठ इंची, माझ्यापेक्षा लहानच. पण त्याचं डोकं दांड्यांवरून पुढे-मागे सरकतं, त्यामुळे ते साधारण बारा इंचांपर्यंत रुंद फळी एका दमात कापतं. बारा इंची पात्याचं न सरकणारं मशीनही सरळ कटाला चालतं, आठेक इंच देतं. पण फळी 45 अंशांत कापायची वेळ आली की तेही अपुरं पडतं, शिवाय उचलून दुसऱ्या खोलीत न्यायला दोघं लागतात. म्हणून फ्लोअरिंगसाठी माझं मत ठाम आहे: लहान पात्याचं, सरकणारं मशीन. माहितीपत्रकात पात्याचा आकार ठळक छापतात. तुम्ही 90 आणि 45 अंशांना किती रुंद कापतं ते दोन आकडे शोधा.

टवके का उडाले तेही काकांकडूनच कळलं. मायटर सॉचे दात वरून फळीत शिरतात आणि खालून बाहेर पडतात. जिथून दात बाहेर पडतो तिथे टवका उडतो. म्हणून या मशीनवर फळीची चांगली बाजू नेहमी वर. मी फळी उलटी केली आणि नेमकी छापील बाजू खाली गेली. जिगसॉ, म्हणजे अरुंद उभं पातं वर-खाली होणारी हातातली करवत. तिचं साधं पातं खालून वर कापतं, तिथे चांगली बाजू खाली ठेवायची. दोन मशीनं आलटून पालटून वापरताना हे विसरायला होतं, म्हणून मी जिगसॉवर चिकटपट्टी लावून 'पालथी' असं लिहून ठेवलं.

पैसे खर्च करायचेच असतील तर पात्यावर करा. मशीनसोबत बहुतेक वेळा 24 किंवा 40 दातांचं पातं येतं. ते जाड लाकूड भराभर कापण्यासाठी. लॅमिनेटला 60 ते 80 दातांचं, टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेलं पातं हवं. घेताना मधल्या भोकाचं माप मशीनशी जुळवून बघा. लॅमिनेटच्या वरच्या थरात झीज होऊ नये म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे पॉलिश पेपरवर असतं तेच. ते पात्याची धारही खातं. कटाचा आवाज बदलून किरकिरा झाला, कडेला जळका वास आला, की पातं बदलायचं.

दुकानात मशीन चालू करून दाखवायला सांगा. फळीचा एक तुकडा सोबत न्या, शून्यावर, म्हणजे सरळ 90 अंशांत, कापा आणि दोनपैकी एक तुकडा पालथा करून दोन्ही कट एकमेकांना भिडवा. मागची कड सरळ पट्टीला लावून ठेवा. मशीन गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असेल तर सांधा मिटतो. नसेल तर चूक दुप्पट होऊन दिसते. लेझरच्या लाल रेषेवर फार विसंबू नका, ती सरकते. पात्याची सावली पाडणारा एलईडी दिवा असेल तर उत्तम, कारण सावली पात्याचीच असते.

एकांनी विचारलं होतं, भाचा न्यू जर्सीहून येतोय, तिकडून मागवू का? नको. तिकडची मशीनं 120 व्होल्टची. आपल्या 230 वर लावलं तर मोटर जळेल, आणि 1800 वॉटची मोटर पेलणारा ट्रान्सफॉर्मर मशीनइतकाच जड होईल.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटते ते. आपल्याकडे पुष्कळ मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून फळ्या कापतात. स्वस्त पडतं, म्हणून घरी करणारेही तेच उचलतात. कृपा करून असं करू नका. ते मशीन फरशीसाठी आहे, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं आणि त्याचं झाकण पात्याखाली मिटत नाही. हात उचलला तरी दात उघडेच फिरत राहतात. मायटर सॉचं झाकण डोकं वर गेलं की आपोआप मिटतं. ते अडकतं म्हणून कुणी दोरीने बांधून ठेवलेलं असेल तर ते मशीन भाड्यानेही घेऊ नका.

हातमोजे घालून कापायचं नाही, हातमोजा पात्यात ओढला जातो. ओढणी, बांगड्या, सैल बाही बाजूला. चष्मा, मास्क, कानात बोळे हवेतच. सरकणाऱ्या मशीनचं डोकं आधी आपल्याकडे ओढायचं, मग खाली दाबायचं, मग मागे ढकलत कापायचं. आपल्याकडे ओढत कापलं तर पातं फळीवर चढून अंगावर येऊ शकतं. चार फूट लांब फळीच्या दोन्ही टोकांना टेबलाच्या उंचीचा आधार हवा. माझे बाबा सुरुवातीला टोक हातात धरून उभे होते. कट संपता संपता त्यांचा हात जरा वर झाला, फट मिटली, पातं आवळलं आणि तुकडा सुटून भिंतीवर आदळला. मग विटा आणि फळकुटं रचून आधार केला आणि बाबांना लांब उभं केलं. तेव्हापासून पातं पूर्ण थांबल्याशिवाय मी डोकं वर उचलत नाही.

विकत घ्यायच्या आधी कट मोजा. 11 बाय 13 च्या खोलीत साधारण 18 ओळी बसतात आणि प्रत्येक ओळीला एक आडवा कट. उरलेला तुकडा एक फुटापेक्षा लांब असेल तर पुढची ओळ त्यानेच सुरू होते. अठरा-वीस कटांसाठी भाड्याचं मशीन पुरतं. शेवटची ओळ लांबीत चिरावी लागते, ते काम मायटर सॉ करतच नाही, तिथे जिगसॉ. भिंतीपासून आठ-दहा मिलिमीटर जागा सोडायची असते आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, त्यामुळे त्या कडेला हात थोडा हलला तरी चालतं.

स्कर्टिंगला मात्र साधं मशीनही छान चालतं. जुन्या इमारतीत कोपरे गुण्यात नसतात. आमचा एक कोपरा 91 अंशांचा निघाला, त्याचं निम्मं 45.5, पण मशीन सरळ कटाला शून्य धरतं, म्हणून 90 वजा 45.5, दोन्ही पट्ट्या 44.5 वर कापल्या. मशीनचं टेबल 45 च्या खाचेत न घसरता 44.5 वर घट्ट बसतं का, तेही दुकानातच बघा.

माझं दहा इंची मशीन आता त्याच कामाला आहे. आमच्या सोसायटीतल्या कुणाला स्कर्टिंग कापायचं असेल तर घेऊन जा. येताना पट्टीचा एक तुकडा आणा, आधी त्यावर एक कट मारून बघू.