ताटासमोर बसून राहणं

इंग्लंडमध्ये येऊन मला आता चार वर्षं होतील. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग आठ वर्षं मेडिकल वॉर्ड आणि आयसीयू. इथेही तसलंच काम मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते खाण्याच्या विकारांच्या वॉर्डवर. मानसोपचार नर्सिंगचं शिक्षण इथे वेगळं असतं, पण या वॉर्डला रक्ताचे रिपोर्ट वाचणारी, ईसीजी समजणारी जनरल नर्सही लागते, म्हणून मला घेतलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "न जेवणाऱ्या पोरी? मग त्यांना दोन घास भरवायचे, एवढंच ना?"

पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. (कुणाची ओळख पटू नये म्हणून इथले प्रसंग थोडे बदलून लिहितेय.)

सकाळी आठची न्याहारी. एका टेबलाला चौघी पेशंट आणि आम्ही दोघी. आम्हीही त्यांच्याबरोबर तेच खातो. वेळ अर्धा तास. माझ्या शेजारी वीसेक वर्षांची मुलगी, समोर लोणी लावलेला टोस्ट. तिनं त्याचे नखाएवढे तुकडे केले. एक उचलला आणि तिचा हात थरथरायला लागला. तो थरथराट मी ओळखते. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरच्या माणसाचा हात तसाच होतो. ती जीव मुठीत धरून त्या टोस्टकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "खा गं, माझ्यासाठी एवढा एक घास."

नंतर आमच्या सीनियरनं मला कॉरिडॉरमध्ये शांतपणे सांगितलं, "तुझ्यासाठी खायला सांगू नकोस. तिच्या डोक्यात आधीच सगळ्यांचं देणं साठलंय, त्यात तुझं आणखी नको." मग काय बोलायचं? "जेवण पुढे आहे. मी इथेच बसलेय." आणि मग तिच्या कुत्र्याबद्दल, पावसाबद्दल, कशाहीबद्दल. आग्रह नाही, सौदा नाही, रागावणं नाही. ज्या घरात आग्रहानं वाढणं म्हणजे माया, त्या घरात वाढलेल्या बाईला हे शिकायला फार जड गेलं.

जेवणानंतरचा एक तास त्याहून अवघड. घास पोटात गेला की अपराधीपणा उसळतो, म्हणून त्या तासात कुणाला एकटं सोडत नाही. शब्दकोडी, विणकाम, रंगकाम चालतं. माझ्या लोकरीच्या टोप्या सगळ्या त्याच टेबलावर विणल्यात.

एक चूक मात्र अजून मनातून जात नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर एका पेशंटला भेटून मी आनंदानं म्हटलं, "किती छान दिसतेयस! चेहरा भरलाय." त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या वाक्यातून तिला एकच शब्द ऐकू आला होता: जाड. आपल्याकडे दारातून आत येणाऱ्याला आधी काय म्हणतात ते आठवा. "बारीक झालीस गं", "अंगानं सुटलीस की". लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या आरतीला, सगळीकडे तेच. मी ते बोलणं पूर्ण सोडलंय आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला सोडायला सांगतेय.

शरीराचं सांगते, कारण हा आजार म्हणजे नखरे नव्हेत. मनाच्या आजारांत सर्वाधिक मृत्यू होणाऱ्यांमध्ये वजन वाढण्याच्या भीतीनं उपाशी राहण्याचा आजार, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया येतो. आणि उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढणं घातक ठरू शकतं. अन्न मिळताच इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत खेचलं जातं आणि हृदय धोक्यात येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून सुरुवातीला आम्ही थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देतो, रोज रक्त तपासतो आणि आहार पायरीपायरीनं वाढवतो. त्याच सुमाराला, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं अर्धपोटी ठेवलं होतं. ते पुरुष दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आमच्या वॉर्डवरची एक मुलगी तासन् तास केकचे व्हिडिओ बघायची, तेव्हा मला ते तरुण आठवायचे. उपासमार माणसाचा स्वभावच बदलते. म्हणून आधी शरीराला अन्न, मग मनाशी खोलवर बोलणं.

कधीकधी नाकातून पोटात नळी घालून अन्न द्यावं लागतं. १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ (उपचारांसाठी सक्तीनं दाखल ठेवण्याचं) लागू असेल, तर संमती नसतानाही अन्न देता येतं, कारण इथे तो उपचारच मानला जातो. नळी जागेवर आहे का हे बघायला हवा सोडून स्टेथोस्कोपनं ऐकायची माझी जुनी सवय इथे चालत नाही; नळीतून ओढलेल्या द्रावाचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.५ किंवा त्याखाली आला तरच पुढे जायचं. ते जमलं. पण धरून ठेवलेली मुलगी रडत असताना तिच्या नाकाशी नळी नेणं अजून जमलेलं नाही, आणि ते सवयीचं होऊ नये असंच वाटतं. झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसते. ती बोलली नाही तरी.

आमच्या काही पेशंटना व्यक्तिमत्त्व विकाराचंही निदान असतं. नातं तुटेल ही भीती त्यांच्यात इतकी तीव्र असते की सकाळी "तुम्हीच एक चांगल्या" म्हणणारी दुपारी "तुम्हाला माझं काही पडलेलं नाही" म्हणते. एकदा एकीला मी "दहा मिनिटांत येते" म्हटलं आणि दुसऱ्या पेशंटच्या ईसीजीत अडकून चाळीस मिनिटांनी गेले. तोवर तिनं स्वतःला इजा करून घेतली होती. जखम बांधताना मी कारणं सांगितली नाहीत. "उशीर केला, चुकले" एवढंच म्हटलं. आता शब्द देते तो पाळण्यापुरताच, आणि अडकले तर कुणाला तरी निरोप घेऊन पाठवते.

अशा पेशंटबद्दल "लक्ष वेधून घेते" असं लिहिण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मी लिहीत नाही. काय घडलं, त्याआधी काय घडलं, तिनं काय मागितलं, हे लिहिते. यांच्यासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी) ही उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनेहान स्वतः १७व्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या. २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. आम्ही त्यांचीच कौशल्यं शिकवतो. भावनेची लाट आली की तळहातावर बर्फ धरायचा, श्वास लांबवायचा. गार पाण्यात चेहरा बुडवण्याचाही उपाय त्यात आहे, पण ज्यांचे ठोके उपासमारीनं मंदावलेत त्यांना तो देत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी भाची. ताई म्हणाली, "डबा तसाच परत आणते, नाटकं चाललीत नुसती." मी तिला म्हटलं, आधी डॉक्टरांकडे ने, रक्त आणि ईसीजी करून घे, मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखव. कुठे जायचं कळेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव, मराठीत बोलतात. ताटावर भांडू नकोस. वजनाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही, आजीनंसुद्धा.

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. मायलेकी शेजारी जेवायला बसल्या होत्या, शाळेतल्या नाटकाबद्दल बोलत होत्या. अर्धी पोळी ताटात राहिली म्हणून ताई रडवेली झाली होती.

"अर्धी खाल्ली ना," मी म्हटलं. "रात्री परत शेजारी बस."